लोखंडाच्या अंगावरील लेख

ओहोटीच्या वेळी वाळूवरून चालत जाऊन ज्यांनी अलिबागचा कुलाबा किल्ला पाहिला असेल, त्यांस उत्तरेच्या तटाजवळ चाकांच्या गाड्यांवर बसविलेल्या दोन तोफा खचित आठवत असतील. येणारेजाणारे त्यांस कान्होजी आंग्र्यांच्या तोफा म्हणतात, मुले त्यांवर चढून बसतात, आणि मंडळी पाणी वाढण्यापूर्वी परत फिरतात. परंतु त्यांच्या लोखंडावर इंग्लंडातील यॉर्कशायर परगण्यातल्या लो मूर येथील कारखान्याचे नाव स्पष्ट उमटलेले आहे. हा कारखाना १७९१ साली सुरू झाला आणि कान्होजी १७२९ साली निवर्तले. हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेविले म्हणजे वादाचे कारण उरत नाही. तोफांनी आपली हकीकत आपल्या अंगावरच वागविली होती. ती वाचण्याची तसदी मात्र फारशी कोणी घेत नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय तोफा नसून मोटारींची जुनी इंजिने हा आहे. कासूवरून जाणारा मुंबई-गोवा रस्ता आमच्या विद्यार्थ्यांच्या रोजच्या परिचयाचा आहे. वडखळपासून नागोठण्यापर्यंत या रस्त्याच्या कडेने मेस्त्री लोकांची गॅरेजे आणि भंगाराची दुकाने आहेत, व त्यांच्या दारांत तेलाने काळी झालेली उघडी इंजिने पडलेली असतात. आमच्या वर्गांतील कित्येक मुले पुढे याच धंद्यात शिरतात, आणि कित्येक पालक आपल्या कष्टाचा पैसा घालून जुनी गाडी किंवा जुने इंजिन विकत घेतात. हे इंजिन कोणते, कोणत्या सालचे, आणि विकणारा सांगतो तेच आहे की काय, या प्रश्नांची उत्तरे ब्लॉकच्या अंगावर लिहिलेली असतात. ती वाचावी कशी, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

लोखंडावर अक्षरे दोन रीतींनी उमटतात. काही अक्षरे लोखंड तप्त व पातळ असतानाच साच्यातून अंगाबरोबर येतात. ही पृष्ठभागाच्या वर उठलेली असतात आणि डोळे मिटूनही बोटाने चाचपता येतात. दुसरी अक्षरे लोखंड थंड होऊन, कातून-तासून साफ झाल्यावर पोलादी ठशावर हातोडा मारून उमटवितात. ही पृष्ठभागाच्या आत रुतलेली असतात. पहिल्यांस आपण ओतीव अंक म्हणू व दुसऱ्यांस ठोकीव अंक. पहिले जन्मखुणेसारखे, दुसरे गोंदणासारखे. जन्मखूण आईच्या पोटातून येते. गोंदण कोणी, केव्हा व कशासाठी काढून घेतले याची चौकशी निराळी करावी लागते.

या भेदाचा एक नमुना आमच्या मुलांस कासूच्या फलाटावर उभे राहूनच पाहता येईल. (रुळांत उतरण्याची काही एक गरज नाही, व कोणी उतरूही नये.) पेण आणि नागोठणे या स्टेशनांच्या मधले हे आपले लहानसे स्टेशन. येथील रुळाच्या मधल्या उभ्या पट्टीवर उठावाची अक्षरे दिसतात: कारखान्याचे नाव, रुळाची जात, साल, आणि ५२ किंवा ६० असा आकडा. रुळाच्या दर मीटर लांबीचे वजन इतके किलो, असा त्या आकड्याचा अर्थ. ही अक्षरे लाटण्याच्या रुळकांबीवरच खोदलेली असतात, म्हणून प्रत्येक रुळावर ती त्याच क्रमाने पुनःपुन्हा येतात. त्याच पट्टीवर अन्यत्र खोल ठोकलेला आणखी एक अंक असतो. पोलादाच्या ज्या घाणीतून तो रूळ निघाला तिचा हा क्रमांक होय. उठावाची अक्षरे त्या जातीच्या हजारो रुळांस सारखीच असतात, परंतु ठोकलेला अंक या रुळाची स्वतःची वंशावळ सांगतो. इंजिनाच्या बाबतीतही नेमके हेच आहे.

ब्लॉक तयार कसा होतो, हे थोडे विस्ताराने पाहिले पाहिजे, कारण पुढील सर्व उलगडा त्यावर अवलंबून आहे. प्रथम लाकडाचा किंवा धातूचा हुबेहूब नमुना करितात. फाउंड्रीतील लोक त्यास पॅटर्न म्हणतात. तो खऱ्या वस्तूपेक्षा किंचित मोठा करावा लागतो. ओतीव लोखंड थिजताना आकसते, व ही घट एका फुटास सुमारे एक अष्टमांश इंच, म्हणजे शेकडा एकच्या आसपास असते. या पॅटर्नभोवती ओलसर वाळू ठासून भरितात आणि पॅटर्न काढून घेतात. मागे जी पोकळी राहते तोच साचा. पिस्टनांची भोके व पाणी खेळण्याच्या वाटा यांसाठी भाजलेल्या वाळूचे निराळे गोळे त्या पोकळीत बसवितात, त्यांस कोअर म्हणतात. मग चौदाशे अंशांच्या घरातील उष्णतेचा रस आत सोडावयाचा. लोखंड निवाल्यावर साचा मोडून टाकितात. म्हणजे प्रत्येक ब्लॉकास नवा साचा लागतो, पॅटर्न मात्र तोच राहतो. पॅटर्नवर जो अंक उठावाने बसविलेला असेल तो वाळूत खोल उमटतो आणि लोखंडावर पुन्हा उठून येतो. ज्यांस हे प्रत्यक्ष पाहावयाचे असेल त्यांनी कोल्हापुराकडे गेल्यास शिरोली किंवा गोकुळ शिरगाव येथील एखाद्या फाउंड्रीत परवानगी काढून जावे. साच्यात रस उतरतानाचा तो प्रकाश एकदा पाहिलेला मनुष्य ओतकाम हा शब्द पुन्हा कधी हलक्या आवाजात उच्चारणार नाही.

पॅटर्नवर दोन प्रकारचे अंक असतात. एक पक्का बसविलेला, म्हणजे त्या जातीच्या ब्लॉकचा क्रमांक. दुसरा लहानशा पट्टीवर स्क्रूने लाविलेला, जो रोज बदलावा लागतो, म्हणजे ओतण्याची तारीख. म्हणून ओतीव अंकांपैकी एक "मी कोण" हे सांगतो व दुसरा "मी केव्हा" हे सांगतो.

उदाहरणादाखल आम्ही अमेरिकेतील शेव्हर्ले कंपनीचे मोठ्या ब्लॉकचे इंजिन घेत आहो. घरचे सोडून परदेशाचे का, असे कोणी विचारील. याचे कारण असे की, त्या इंजिनांचे अंक फार बारकाईने नोंदले व पडताळले गेले आहेत. शिकताना ज्याचे उत्तर तपासून पाहता येते असेच उदाहरण घ्यावे. शिवाय हे घराणे आपल्याकडे अगदीच परके नाही. जनरल मोटर्स कंपनीने १९२८ साली मुंबईत शिवडी येथे कारखाना काढून शेव्हर्ले गाड्या जोडण्यास आरंभ केला, व ते काम १९५४ पर्यंत चालले. १९४८ च्या १ जून रोजी पुण्याहून अहमदनगरास, म्हणजे आताच्या अहिल्यानगरास, राज्य परिवहनाची पहिली मोटार सुटली, त्या काळच्या ताफ्यात शेव्हर्ले होत्या आणि त्याच कंपनीच्या विलायती शाखेच्या बेडफर्डही होत्या. त्या गाड्यांची इंजिने अर्थात लहान होती. मोठ्या ब्लॉकची इंजिने १९५८ नंतरची. ती येथे जोडली गेली नाहीत; हौशी धनिकांनी व परदेशी मंडळींनी आणलेल्या गाड्यांतून जी थोडी आली तेवढीच. मुंबईत जुन्या मोटारींची मिरवणूक निघते तेव्हा एखादे दृष्टीस, आणि दृष्टीपूर्वी कानास, पडते.

"मोठा ब्लॉक" या शब्दाने पुष्कळांची फसगत होते. पोटात हवा अधिक मावते म्हणून मोठा, असे नव्हे. शेव्हर्लेच्या आठ नळकांड्यांच्या इंजिनांची दोन घराणी आहेत. १९५५ पासूनच्या लहान घराण्यात शेजारच्या दोन नळकांड्यांच्या मध्यबिंदूंतील अंतर ४.४० इंच असते, तर मोठ्या घराण्यात ते ४.८४ इंच असते. सगळा भेद या अंतरात आहे. म्हणूनच लहान घराण्यात १९७० साली ४०० घन इंचांचे इंजिन निघाले, आणि मोठ्या घराण्यातील १९६५ चे इंजिन ३९६ घन इंचांचे असूनही मोठेच राहिले. थोरल्या भावापेक्षा धाकटा उंच निघाला म्हणून नाते बदलत नाही. मोठ्या घराण्यात प्रथम १९५८ चे ३४८ व १९६१ चे ४०९ ही इंजिने होती. त्यांनंतर नव्या बांधणीची ३९६, ४२७ व ४५४ ही अनुक्रमे १९६५, १९६६ व १९७० साली आली. आमचे उदाहरण या शेवटच्या दोहोंचे आहे.

ओतीव क्रमांक शोधावयाचा तो ब्लॉकच्या मागील बाजूस, जेथे गिअरबॉक्स जोडली जाते त्या कडेवर. समजा तेथे ३९६३५१२ हा अंक मिळाला. जाणते लोक शेवटचे तीनच आकडे उच्चारून त्यास "पाचशे बारा" म्हणतात. नोंदी पाहिल्या तर हा ब्लॉक १९६९ च्या ४२७ इंजिनास वापरलेला आढळतो आणि १९७० पासून १९७६ पर्यंत ४५४ इंजिनासही वापरलेला आढळतो. एकच ब्लॉक आणि दोन इंजिने, हे कसे संभवते? येथे विद्यार्थ्यांनी पाटी-पेन्सिल घ्यावी.

नळकांड्याचे घनफळ काढण्याची रीत आठवीच्या मुलांस ठाऊक आहे. ४२७ इंजिनाच्या नळकांड्याचा व्यास, मेस्त्री ज्यास बोअर म्हणतात तो, ४.२५१ इंच, आणि पिस्टनची खालवर धाव, म्हणजे स्ट्रोक, ३.७६ इंच. व्यासाचा वर्ग १८.०७, त्यास ०.७८५४ ने गुणिले की वर्तुळाचे क्षेत्रफळ १४.१९ चौरस इंच येते. त्यास ३.७६ ने व मग ८ ने गुणावे. उत्तर ४२६.९ येते. आता ४५४ इंजिन घ्या. त्याचाही व्यास ४.२५१ इंचच आहे, फक्त धाव पुरी ४ इंच आहे. १४.१९३ गुणिले ४, गुणिले ८, बरोबर ४५४.२. भोके तीच राहिली, धाव तेवढी वाढली. आणि धाव ही ब्लॉकमध्ये नसून क्रँकमध्ये असते. यास्तव ब्लॉकचा ओतीव क्रमांक कितीही स्वच्छ वाचला तरी आत ४२७ आहे की ४५४ हे तो सांगू शकत नाही. ते त्याच्या अधिकारातच नाही. ते जाणण्यास क्रँक पाहावी लागते. इंजिन न उघडता एक खूण मिळते. ४५४ च्या क्रँकचा तोल बाहेरून सांभाळलेला असल्यामुळे पुढच्या चाकावर एका अंगास जादा वजन ओतलेले दिसते. ४२७ ला ते नसते. अर्थात पुढचे चाक मूळचेच आहे, असे गृहीत धरून.

(४५४ घन इंच म्हणजे सुमारे ७.४ लिटर. आज आपल्या रस्त्यांवर धावणाऱ्या १.२ लिटरच्या सहा गाड्यांची पोटे एकत्र केली तर याची बरोबरी होईल. पेट्रोलच्या खर्चाचा हिशेब पालकांनी मनात करावा.)

आता तारीख. ब्लॉकवर एक इंग्रजी अक्षर व त्यापुढे आकडे आढळतात, जसे: सी १४ ९. अक्षर महिन्याचे. ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी, याप्रमाणे एल म्हणजे डिसेंबर. मधला आकडा दिवसाचा व शेवटचा सालाचा. म्हणजे हा ब्लॉक मार्च महिन्याच्या १४ तारखेस ओतला गेला. पण साल नुसते ९ आहे. ते १९५९, १९६९ की १९७९? येथे दोन अंकांनी एकमेकांस आधार द्यावयाचा असतो. ३९६३५१२ हा ब्लॉक १९५९ साली अस्तित्वात नव्हता व १९७६ नंतर गाड्यांत बसविला जात नव्हता. तेव्हा १९६९ खेरीज दुसरे साल संभवत नाही. एकटा क्रमांक इंजिनाचे पोट सांगू शकला नाही, एकटी तारीख साल सांगू शकली नाही. दोन्ही जवळ आणल्यावर मार्ग निघाला.

ओतण्याची तारीख ही गाडीची तारीख नव्हे, हेही लक्षात ठेवावे. नाशिकच्या नारोशंकर मंदिराची प्रसिद्ध घंटा पोर्तुगीजांची. तिच्यावर १७२१ हे साल आहे. मंदिर मात्र १७४७ सालचे. घंटेवरून मंदिराचे वय ठरविणारा मनुष्य २६ वर्षांनी चुकेल. इंजिनाच्या बाबतीत हे अंतर वर्षांचे नसून बहुधा दिवसांचे किंवा थोड्या आठवड्यांचे असते, पण असते खास. आधी ओतकाम, मग कातकाम, मग इंजिनाची जुळणी, आणि शेवटी गाडीत बसविणे. हा क्रम कधीही उलटू शकत नाही. आणखी एक बारकावा असा की, अमेरिकेत पुढील सालची गाडी आदल्या सालच्या शरद ऋतूतच बाजारात येई. त्यामुळे नोव्हेंबर १९६९ मध्ये ओतलेला ब्लॉक १९७० च्या गाडीत सापडला तर संशय घेऊ नये.

इतर कंपन्यांच्या रीती निराळ्या आहेत. त्या येथे एकदोन वाक्यांतच सांगतो. फोर्डच्या तारखेत साल आधी, मग महिन्याचे अक्षर, मग दिवस, असा क्रम असतो, व महिन्यांच्या अक्षरांत आय हे अक्षर गाळलेले असते, कारण ते एक या आकड्यासारखे दिसते. फोर्डच्या सुट्या भागांच्या क्रमांकातील पहिले अक्षर दशकाचे: सी म्हणजे १९६० नंतरची दहा वर्षे, डी म्हणजे १९७० नंतरची. क्रायस्लर कंपनी मात्र तारीख सरळ आकड्यांतच लिही. अशा साध्या रीतीबद्दल आम्हांस आदर वाटतो.

ठोकीव अंकांकडे वळू. चालकाच्या जागी बसून पुढे पाहिले असता जो उजवा हात, त्या बाजूच्या हेडच्या पुढे ब्लॉकवर एक गुळगुळीत कातलेली लहान जागा असते. तेथे आरंभी टी हे अक्षर आढळेल, कारण मोठ्या ब्लॉकची ही इंजिने न्यू यॉर्क संस्थानातील टोनावांडा येथील कारखान्यात जुळविली जात. त्यापुढे चार आकडे, दोन महिन्याचे व दोन दिवसाचे, आणि शेवटी दोन किंवा, १९७० पासून, तीन अक्षरे. ही शेवटची अक्षरे सर्वांत महत्त्वाची. इंजिन किती अश्वशक्तीचे, कोणत्या गाडीसाठी, कोणत्या गिअरबॉक्ससाठी, हे त्यांवरून कळते. १९७० च्या शेव्हेल नावाच्या गाडीतील ४५० अश्वशक्तीचे जे ४५४ इंजिन हातांनी बदलण्याच्या गिअरचे होते, त्याची अक्षरे सी-आर-व्ही अशी आहेत. याशिवाय त्याच जागी किंवा जवळपास गाडीच्या क्रमांकाचा एक तुकडा ठोकलेला असतो: पहिला १ हा आकडा शेव्हर्लेचा, दुसरा सालाचा, मग गाडी जोडणाऱ्या कारखान्याचे अक्षर, आणि पुढे सहा आकडे. चोरीस आळा बसावा म्हणून ही पद्धत १९६८ च्या सुमारास सरसकट लागू झाली.

हे दोन ठोकीव लेख एकाच जागी असले तरी एका हातचे नव्हेत. पहिला इंजिनाच्या कारखान्यात एका मुठीत ठसे आवळून ठोकला जाई, म्हणून त्याची ओळ बहुधा सरळ असते. दुसरा गाडी जेथे जोडली गेली त्या निराळ्या गावच्या कारखान्यात, निराळ्या ठशांनी, निराळ्या दिवशी ठोकला जाई. दोन्ही ओळींचे वळण अगदी सारखे दिसले तर शाबासकी देऊ नये, भिंग काढावे.

याचे कारण स्पष्टच सांगितले पाहिजे. ४५० अश्वशक्तीचे ते इंजिन आज दुर्मीळ झाले असून संग्राहक त्यास भारी किंमत देतात. परंतु त्याचा ब्लॉक तोच, पाचशे बारा. आणि तोच ब्लॉक साध्या ४५४ इंजिनांस, म्हणजे घरगुती वापराच्या गाड्यांसही बसविलेला आहे. मग लबाड मनुष्य काय करितो? साधा ब्लॉक घेतो, ती गुळगुळीत जागा घासून जुने गोंदण पुसतो, आणि सी-आर-व्ही ठोकतो. ओतीव क्रमांक त्यास बदलावा लागतच नाही. तथापि तीन गोष्टी त्यास जड जातात. कारखान्यात ती जागा ज्या हत्याराने तासली जाई त्याच्या दात्यांच्या बारीक समांतर रेघा तेथे राहतात. कानस किंवा ग्राइंडर फिरला की त्या जातात किंवा आडव्यातिडव्या होतात. दुसरे, नव्या ठशांचे वळण जुन्यांशी मिळत नाही. आणि तिसरी अडचण सर्वांत मोठी: ओतण्याची तारीख. ती उठावाची आहे. उठावाचा अंक छिलून काढता येतो, पण त्या जागी खडबडीत ओतीव पृष्ठभागासकट नवा उठाव निर्माण करणे सोपे नाही. गाडी एप्रिलमध्ये तयार झाली व तिचा ब्लॉक जूनमध्ये ओतला गेला, असे लोखंडच म्हणू लागले की विकणाऱ्याचे बोलणे खुंटते. उलट, घासलेली जागा दिसली म्हणजे लबाडीच झाली, असेही एकदम म्हणू नये. हेड बसण्याची पातळी वाकडी झाल्यास प्रामाणिक मेस्त्रीही ती तासतो, व त्यात रेघा आणि अंक दोन्ही जाण्याचा संभव असतो. एकाच साक्षीदाराच्या बोलण्यावरून निकाल देऊ नये, असा जो दंडक मोशेच्या नियमशास्त्रात आहे तो आमच्या मुलांनी शास्त्रपाठाच्या तासास ऐकला आहे. तो मनुष्यांप्रमाणे ब्लॉकांसही लावावा.

आमचे मत विचाराल तर, बदललेल्या इंजिनात लाज वाटण्यासारखे काही नाही. मूळ ब्लॉक फुटला, दुसरा घातला, आणि तसे सांगितले, तर त्यात खोटे काय? पुसून ठोकलेला अंक मात्र लेखी असत्य होय, आणि ज्याने तो ठोकला त्याच्यापुरते ते संपत नाही. पुढे दहा हातांतून ते इंजिन जाते व दहाही जण नकळत तेच असत्य पुढे सांगत राहतात.

हे सर्व दूर अमेरिकेतील श्रीमंतांचे खेळ आहेत असे पालकांनी समजू नये. आपल्याकडे प्रत्येक गाडीच्या नोंदणीपुस्तकात चासीचा क्रमांक व इंजिनाचा क्रमांक लिहिलेला असतो. एमएच-०६ ने सुरू होणाऱ्या आपल्या जिल्ह्यातील गाड्यांची नोंद पेणच्या कार्यालयात होते, आणि चासीच्या अंकावर पातळ कागद धरून पेन्सिलीने घासून काढलेला ठसा अर्जास जोडावा लागतो, हे गाडीवाल्या घरांतील मुलांनी पाहिले असेल. इंजिन बदलले तर त्याची नोंद पुस्तकात करून घ्यावी लागते. आमच्या परिचयाच्या एका पालकांनी भाजीच्या वाहतुकीसाठी जुना टेम्पो घेतला. किंमत पुरी दिली, कागद हाती घेतले, रंग व टायर पाहिले. अंक पाहिले नाहीत. पुढे नाव चढविण्याच्या वेळी इंजिनाचा क्रमांक पुस्तकाशी जुळेना. मधल्या कोणा मालकाने इंजिन बदलून नोंद केली नव्हती. विकणारा तोवर गाव सोडून गेला होता. टेम्पो घराच्या अंगणात उभा राहिला, हप्ते चालू राहिले, आणि त्यांच्या मुलीने त्या वर्षी परीक्षेची फी दोनदा मुदत मागून भरली. व्यवहारापूर्वी दहा मिनिटे वाकून पाहिले असते तर एवढे रामायण घडते ना.

जुन्या मोटारींच्या हौशी लोकांसाठीही आता कायद्याने हा विषय महत्त्वाचा केला आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने ५० वर्षांवरील जुन्या दुचाकी व चारचाकी गाड्यांच्या नोंदणीचे निराळे नियम केले. अशा गाडीच्या पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर व्हीए ही अक्षरे येतात. परंतु गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, तिची चासी, बाह्यांग व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. मूळ इंजिन कोणते, हे ठरवावयास अखेर वर सांगितलेल्या अंकांकडेच यावे लागते.

वाचण्याची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड झालेले असावे व मालकाची परवानगी घेतलेली असावी. मेस्त्रीच्या देखरेखीवाचून टांगलेल्या इंजिनाखाली हात घालू नये. मोठ्या ब्लॉकचे पुरे इंजिन तीनशे किलोंच्या आसपास भरते. रॉकेलात भिजविलेल्या फडक्याने चिकटा काढावा, मग ओतीव अंकांवर तारेचा ब्रश फिरवावा. ठोकीव अंकांच्या जागी तारेचा ब्रश किंवा सँडपेपर मुळीच लावू नये, कारण त्या बारीक रेघा हाच तेथला पुरावा आहे. तेथे फडके व जुना दात घासण्याचा ब्रश पुरे. बॅटरी समोरून न धरता बाजूने तिरपी धरावी, म्हणजे सावली पडून अक्षरे उठतात. उठावाच्या अंकांवर खडू आडवा घासावा. ठोकीव अंकांवर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिलीने ठसा घ्यावा. जे दिसले तेच लिहावे. तीन व आठ, पाच व सहा, एक व सात यांत संशय आल्यास तेथे प्रश्नचिन्ह घालावे. मनाने आकडा भरू नये. सरतेशेवटी वहीत क्रमांक, ओतण्याची तारीख, जुळणीची तारीख व अक्षरे, आणि गाडीचा अंक अशा चार ओळी एकाखाली एक लिहून त्यांचा क्रम लागतो की नाही ते पाहावे.

वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांसाठी एक उदाहरण देऊन ठेवतो. एका ब्लॉकच्या मागील कडेवर ३९६३५१२ हा ओतीव अंक आहे. ओतण्याची तारीख डी २२ ० अशी आहे. पुढील गुळगुळीत जागी टी ०४१० सीआरव्ही असे ठोकलेले आहे, आणि त्याखालील गाडीच्या अंकाचे पहिले दोन आकडे १ व ० आहेत. मालक म्हणतो, इंजिन मूळचे, १९७० च्या शेव्हेलचे. (१) ब्लॉक कोणत्या दिवशी ओतला गेला? (२) ठोकीव अंकाप्रमाणे इंजिनाची जुळणी कोणत्या दिवशी झाली? त्या अंकात साल आहे काय? (३) साल एक वर्षाने पुढचे धरले तर अडचण सुटते काय, आणि गाडीच्या अंकातील दुसरा आकडा त्यास संमती देतो काय? (४) ब्लॉक घेणाऱ्यास तुम्ही आणखी कोणती एक गोष्ट भिंगाने पाहावयास सांगाल? उत्तरे कारणांसहित लिहून सुटीनंतरच्या पहिल्या आठवड्यात विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावीत.